हॅगथॉर्प स्टेशन, पिनर

"हात दे, शेवटची पायरी जरा उंच आहे," शशिधर वरून म्हणाले.

"देते. आधी बाजूला तर व्हा!" म्हणत मीनाक्षीबाई गुडघ्यावर हात टेकून छपराखालच्या लॉफ्टमध्ये आल्या. लंडनच्या कडेला, पिनरच्या या घरात चौतीस वर्षं काढली, पण त्यांचं पाऊल इथे आज पहिल्यांदाच पडत होतं. आजवर वर यायला घडीची शिडी होती, आणि ती त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. कॉलिन सुताराने कालच लाकडी जिना पुरा केला होता. जमिनीला फळ्या, छपराला अस्तर, एक तिरकी खिडकी... कोळिष्टकांच्या जागी खोली उभी राहिली होती.

मधोमध प्लायवुडचं लांबलचक टेबल. त्यावर हाताएवढं एक स्टेशन.

शशिधरांनी छत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये परक्यांचं रक्त तपासलं. कधी आवाज चढवला नाही, कधी काही मागितलं नाही. हौस एकच, छोट्या रेल्वेची. "रिटायर झालो की करीन," म्हणता म्हणता त्र्याहत्तरी आली होती.

"हे आपल्या गावचं, साताऱ्याचं स्टेशन नाही वाटत," मीनाक्षीबाई वाकून बघत म्हणाल्या.

"नाही. हॅगथॉर्प!"

यॉर्कशरमधलं ते चिमुकलं गाव. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं दोघांनी तिथे काढली होती. फलाट, तिकीटघर, लोखंडी पूल, सगळं शशिधरांनी आठवणीतून केलं होतं. पुलावर हिरव्या कोटातली नखाएवढी बाई उभी होती.

"ही कोण?"

"ओळख पाहू! रोज संध्याकाळी माझी वाट बघत उभी असायची." शशिधरांचा चेहरा फुलला. हा किस्सा त्यांनी दर दिवाळीला पाहुण्यांना सांगितला होता. मीनाक्षीबाई तेव्हा हसून चहा ओतायच्या.

आज त्या हसल्या नाहीत.

"एक सांगू? रागावू नका. मी तुमची वाट नव्हते बघत. समोरच्या फलाटावरची गाडी बघायचे. डॉन्कास्टरची. तिथे बदललं की लंडन, लंडनहून विमान. आईकडे."

"रोज?"

"रोज."

शशिधरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही इतके खूश असायचात मला बघून. काय बोलणार?"

त्या सावकाश जिना उतरून गेल्या. शशिधर स्टुलावर बसून राहिले. त्रेचाळीस वर्षं जपलेली संध्याकाळ त्यांच्या एकट्याचीच होती तर. राग येत नव्हता. पण हातात घेतलेला रंगाचा ब्रश वाळून गेला तरी त्यांना कळलं नाही.

जेवताना त्यांनी भातावर वरण घेतलं आणि ताटाकडे बघतच विचारलं, "मग गेली का नाहीस?"

"गेले होते."

त्यांचा घास हातातच राहिला.

"एकदा. फेब्रुवारीत. बॅगसुद्धा नव्हती, पर्स आणि पासपोर्ट. दोन स्टेशनं गेले आणि उतरले. बाकावर बसून रडून घेतलं. मग पुढची परतीची गाडी धरली."

"का?"

"खरं सांगू? घराची किल्ली माझ्याकडे होती. आपल्या दोघांत एकच तर किल्ली होती. म्हटलं, हे येतील आणि बर्फात दाराशी उभे राहतील." त्यांनी लोणच्याची बरणी पुढे सरकवली. "आले ती तशीच पुलावर उभी राहिले. तुम्ही उतरलात, हात केलात. म्हणालात, आज नाक लाल झालंय तुझं."

शशिधरांना ते नाक आठवलं. थंडीचं वाटलं होतं त्यांना. त्यांनी बरणी उघडून लोणचं वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलिन आला. उतरत्या छपराखालची बुटकी जागा फळ्या ठोकून बंद करायची, एवढंच काम उरलं होतं. शशिधर हातोडीच्या आड आले.

"इथे फळ्या नकोत, कॉलिन. टेबल आत वाढवायचंय."

"परवा तर तुम्हीच म्हणालात, आता पुरे, मिस्टर एम!" त्यांच्या आडनावाचं कॉलिनला एवढं एकच अक्षर जमायचं.

"परवा मला माहीत नव्हतं. अजून दोन स्टेशनं हवीत."

कॉलिनने खांदे उडवले आणि एक कोरी फळी आत सरकवली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. मीनाक्षीबाई वर आल्या. फळी कशासाठी, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"नाव काय होतं गं त्या स्टेशनाचं?" शशिधरांनी विचारलं.

"नाव नाही आठवत."

त्यांनी कॉलिनकडून पेन्सिल मागून घेतली. एक हात शशिधरांच्या खांद्यावर ठेवून त्या हळूच वाकल्या आणि कोऱ्या फळीवर छोटासा चौकोन काढला.

"बाक इथे होतं," त्या म्हणाल्या.