सत्तावीस वेळा ‘विचारीन’

मंगळवार, ३ जून, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. माझ्या काचेच्या खिडकीत चार शून्ये होती आणि मी एका गृहस्थांच्या डाव्या खिशात, घामेजलेल्या तळहाताखाली दाबलेला होतो.

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. मुठीत मावणारा, पितळी अंगाचा. वरचा दट्ट्या दाबला की ‘टक्’ असा आवाज होतो आणि आकडा एकाने वाढतो. माझ्या पोटात अंकांची चार चाके, एक स्प्रिंग आणि चाकांना उलटे फिरू न देणारी एक बारीक खिट्टी आहे. तिच्यामुळे मला मागे जाता येत नाही. एक तर एकेक अंकाने पुढे जायचे, नाहीतर बाजूची चावी फिरवून थेट शून्यावर यायचे. शिवाय काय मोजायचे, हे मला कधीच ठरवता आले नाही. ते ज्याचा अंगठा, तोच ठरवतो.

पहिली अकरा वर्षे मी एका कारखान्याच्या फाटकावर होतो. पहारेकरी आत जाणारे कामगार मोजत असे. एका दुपारी धुराचा लोट उठला आणि सगळ्यांना मैदानात उभे केले. तिथे माणसे भरली दोनशे अकरा. माझ्या खिडकीत दोनशे बारा. त्या एका आकड्याने गोदामात झोपलेला हमाल जिवंत बाहेर आला. त्या दिवशी मला तेल घातले, रुमालाने पुसले. पुढे फाटकावर विजेचे यंत्र बसले आणि माझी रवानगी खणात झाली. नऊ वर्षे मी अंधारात शून्य दाखवत पडून होतो.

तिथून मला सरांनी आणले. सर म्हणजे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्रातले समुपदेशक. कोणते काम निवडावे हे न सुचणारी मुले त्यांच्याकडे येत. सरांचे शास्त्र सरळ होते : ज्या वागण्यानंतर शाबासकी मिळते, ते वागणे वाढते. म्हणून मुलाने माहिती मिळवण्याची गोष्ट काढली, ‘तिथे विचारीन’, ‘जाऊन बघीन’ असे म्हटले, की सर मान हलवून ‘छान’ म्हणत आणि खिशात मला दाबत. संध्याकाळी माझा आकडा आलेखावर चढे.

त्या मंगळवारी समोर एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की ती वाट बदलून जाई. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मोठे कारकून. त्यांनी तिच्यासाठी तिथली एक खुर्ची बघून ठेवली होती. तंत्रशिक्षण संस्थेचे अर्ज ३० जूनला बंद होणार होते. तोवर तिने स्वतःचे काही ठरवले नाही, तर एक जुलैपासून ती खुर्ची.

पहिल्या भेटीत माझा आकडा सहा झाला, दुसऱ्या भेटीत चौदा, तिसऱ्या भेटीत सत्तावीस. सरांचा आलेख जिन्यासारखा चढत होता. पण मित्रांनो, मी खिशात होतो. मला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. माझ्या प्रत्येक ‘टक्’नंतर तिचा श्वास सुटे आणि ती लगेच पुढचे ‘विचारीन’ पुढे करी. कोणते वाक्य बोलले की सुटका होते, ते तिला उमगले होते. मला ओरडावेसे वाटे. पण दर वेळी मी फक्त एकाने वाढलो.

तिसरी भेट संपल्यावर वडील आत आले.

“सर, तुमच्याकडे ही पोपटासारखी बोलते म्हणे. घरातून तीन आठवड्यांत तीनदा बाहेर पडलीय, तिन्ही वेळा तुमच्याकडेच यायला.”

“पण आलेख तर…”

“आलेख गेला असेल हो वर. मुलगी आहे तिथंच आहे. माझ्या कचेरीतली जागा पंख्याखाली आहे. मी सव्वीस वर्षं बसलोय, मला काय झालं?”

ते गेल्यावर सरांनी नोंदवही उघडली. सर प्रत्येक वाक्य लिहून ठेवत. दुसऱ्या भेटीच्या पानावर एक वाक्य होते, ज्याला त्यांनी ना मान हलवली होती, ना मला दाबले होते, कारण ते त्यांच्या यादीत बसत नव्हते : ‘सर, तुमच्या खिशातलं ते यंत्र दोनदा वाजतं. आतली स्प्रिंग सैल झाली असावी.’ आकडा एकानेच वाढे, पण आवाज खरोखरच दुहेरी येत असे. तीन आठवड्यांत तिने मनापासून उच्चारलेले ते एकमेव वाक्य. सरांनी त्या वाक्याखाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून घेतले, माझी चावी फिरवली आणि मला तिच्या हातात दिले.

“चूक माझी आहे, बाळ. मी तुझं बोलणं मोजत बसलो. आता तूच मोज. नुसतं ‘विचारीन’ म्हणालीस तर दाबायचं नाही. केलंस तरच दाबायचं. आणि ही स्प्रिंग कुठं नीट होते, ते शोधून काढ.”

गुरुवारी मी तिच्या पिशवीत होतो. दाबमापकांसारखी बारीक यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्याच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि दोनदा परतली. बसथांब्यावर बसून तिने मला तीनदा दाबले. खोटे तीन. मी ते पोटात धरून बसलो; टाकून देणे माझ्या हातात नव्हते. अर्ध्या वाटेत तिने मला बाहेर काढले, खिडकीकडे पाहिले आणि चावी शून्यावर फिरवली.

शुक्रवारी ती आत गेली. एक.

एक प्रौढ बाई भिंगातून तबकडीचा काटा बसवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “काय गं? दारात का अडकलीस?”

“मावशी, थोडं विचारायचं होतं.”

“विचार की. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत.”

हे काम शिकायला किती दिवस लागतात? दोन वर्षे, आणि मग जन्मभर. दिवस संपता संपता काय दुखते? “मान. आणि गिऱ्हाईक आलं की डोकं.” मी शिकू शकेन का? दोन, तीन, चार.

शेवटच्या प्रश्नावर मावशींनी मान वर केली. माझ्याकडे बोट दाखवून स्क्रू फिरवायचा पेचकस पुढे केला. “दोनदा वाजतोय तो. उघड.”

मित्रांनो, फाटकावरून निघाल्यापासून माझ्या चाकांवर उजेड पडला नव्हता. तिने स्प्रिंग ताणून बसवली, झाकण लावले. मावशींनी कान जवळ आणला. “उद्या डबा घेऊन ये.”

शनिवारी ती दिवसभर तिथे बसली. पाच. सोमवारी संस्थेच्या कचेरीत अर्जाची चौकशी केली. सहा. त्याच संध्याकाळी जेवताना मी तिच्या डाव्या मुठीत होतो.

“बाबा, मला खुर्ची नको. मला यंत्रं दुरुस्त करायला शिकायचंय.”

तिने मला दाबले. आवाज एकदाच झाला, स्वच्छ.

सहा दिवस वडील त्या विषयावर बोलले नाहीत. तीस तारखेला दुपारी त्यांनी अर्जावर सही केली आणि एवढेच विचारले, “तिथं पंखा तरी आहे का?” चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज खिडकीतून आत गेला, तेव्हा मला दाबायची तिला आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला परत दिले. सरांना आता माझी गरज उरली नव्हती. ते मुलांनाच मोजायला सांगत. त्यांनी मला खणात ठेवले आणि कुलूप लावले. पुन्हा तसाच अंधार, तसेच कागद, तशीच धूळ. कधीतरी तेलाचा एक थेंब मिळावा, एवढे मागणे आहे. दुसरे मागणे तुमच्यासाठी : कुणाला शाबासकी देण्याआधी तो काय करतो आहे ते पाहा, आणि मोजायचेच असेल, तर आपल्या अंगठ्याने मोजा.

खण बंद करताना सरांनी माझी चावी फिरवली नाही. सत्तावीस पुसले गेले, तीन पुसले गेले. खिडकीत जे उरले, ते असे : ०००७.