फरशीखाली कागद कोण घालतं?

मी फरशी बसवतो. उगाच फुशारकी मारत नाही, पण मी बसवलेली फरशी उखडायला आलेले लोक घाम पुसत मला शिव्या घालतात, असं दोघांतिघांनी मला तोंडावर सांगितलंय. आमच्या धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

तर अशा माणसाला त्या दिवशी घरच्यांनी चॉकलेटचा फज करायला बसवलं.

दुसरं करणार कोण? आमच्या हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरली. ती गुळगुळीत फरशी मीच बसवली होती आणि त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोलत नाही. म्हणजे मी बोलत नाही, ती बोलते. आणि आमची छकुली, वय वर्षं अठ्ठावीस, औषधांच्या दुकानात कामाला. संध्याकाळी ती येणार होती, पण एकटी नाही. सोबत शिडी आणि शिडीची आई.

शिडी म्हणजे आमचा होऊ घातलेला जावई. उंच, किडकिडीत, भिंतीला टेकवून ठेवला तर दिवसभर बिनतक्रार उभा राहील, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. पोरगा लाखात एक. त्याची आई दातांची डॉक्टर. नवरा लवकर गेला, एकटीनं पोर वाढवलं, त्यामुळे पोर आईच्या शब्दाबाहेर नाही. आणि आईचा शब्द होता, "बघू."

हा "बघू" कशामुळे, तर छकुलीचं आधी एक लग्न ठरून मोडलं होतं. हॉल ठरलेला, कपडे शिवून आलेले, आणि पोरीनं ऐनवेळी नाही म्हटलं. ते डॉक्टरीणबाईंच्या कानावर गेलं होतं. त्या दिवशी त्या हो की नाही ते ठरवायलाच येणार होत्या.

"बाबा, मला हाच मुलगा हवाय," सकाळी निघताना छकुली म्हणाली. "तुम्ही डोकं तापवायचं नाही. आणि फज करून ठेवा. त्यांचा फजवर भारी जीव आहे. पेशंटांना गोड बंद करायला सांगतात आणि घरी कपाटाच्या दाराआड उभ्या राहून खातात. एकदम सोपं आहे. ओव्हन नको, काही नको. वितळवायचं, ओतायचं, गार करायचं, कापायचं. फक्त ट्रेमध्ये आधी बटर पेपर घाला."

ती गेली आणि मी कामाला लागलो. ही पलंगावर पडल्या पडल्या उंटावरून शेळ्या हाकत होती. "अहो, गॅस बारीक ठेवा! अहो, चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका!" अगं, कालवाकालवीत उभं आयुष्य गेलं माझं, मला काय सांगतेस? उकळत्या पाण्यावर भांडं ठेवलं, त्यात चॉकलेटचे तुकडे, लोण्याचा गोळा आणि आटवलेल्या दुधाचा अख्खा डबा. हलवत राहिलो. असं काही तुकतुकीत मिश्रण जमून आलं, की थापीवर घ्यावं आणि भिंतीला लावावं. त्यात आक्रोड फोडून घातले. इथपर्यंत माझं काहीही चुकलं नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन.

मग ट्रे घेतला. ॲल्युमिनियमचा, आतून आरशासारखा गुळगुळीत. आणि मला छकुलीचा तो बटर पेपर आठवला.

आता तुम्हीच सांगा, फरशीखाली कागद कोण घालतं? कागद घातला की माल तळाला धरणार कसा? दोन दिवसांत फरशी टपाटप सुटते आणि गिऱ्हाईक दारात येऊन बोंबलतं. पोरगी शिकलेली, पण धंद्यातलं तिला काय कळणार? कागद मी सुरळी करून खणात टाकला. नुसता तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण अर्धवट काम आपल्याला जमत नाही. तळ गुळगुळीत असला, की आम्ही आधी त्याला टाचे मारतो, म्हणजे छिन्नीनं ठोकून ठोकून खडबडीत करतो. मग माल असा पकडतो की बास.

मी छिन्नी काढली.

"अहो, काय ठोकताय?" आतून आवाज आला.

"आक्रोड!" मी म्हणालो.

टाचे मारले, वर तारेच्या ब्रशानं घासून घेतलं, धुऊन पुसलं आणि फज ओतला. थापीनं सपाट केला. पाणसळ लावून बघितली, बुडबुडा बरोब्बर मध्ये. रबरी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकून आतली हवा काढली आणि ट्रे फ्रिजमध्ये सरकवला. दुपारी बाहेर काढला, गुण्या, म्हणजे आमचा लोखंडी काटकोन, लावून सरळ रेघा मारल्या, चौकोन पाडले. एक रेघ वाकडी दाखवा, मिशी उतरवून देतो. मग एकेका चौकोनावर टिचकी मारून बघितली. टक्, टक्, टक्. कुठे पोकळ नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

संध्याकाळी मंडळी आली. डॉक्टरीणबाई थेट दवाखान्यातून आलेल्या, हातात बॅग, चेहऱ्यावर इस्त्री. खुर्चीत टेकल्या टेकल्या आमच्या हिला म्हणाल्या, "डावीकडची दाढ दाखवून घ्या." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा कमी करा." शिडी भिंतीला टेकून उभा. छकुली ओढणीचं टोक पिळत बसलेली.

"मी स्पष्टच विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीनं एकदा ठरलेलं लग्न मोडलंय. उद्या माझ्या मुलाच्या बाबतीत असंच केलं तर?"

"आई!" शिडी म्हणाला.

छकुलीनं माझ्याकडे बघितलं. डोकं तापवायचं नाही, तापवायचं नाही, असं मी मनात घोकत होतो. पण राग आमच्या नाकावर बसलेलाच असतो, त्याला घरचा पत्ता विचारावा लागत नाही.

"हे बघा बाई," मी म्हणालो, "बसवलेली फरशी मी वाजवून बघतो. पोकळ वाजली की उखडतो. मग ती कितीही महागाची असो, गिऱ्हाईक कितीही बोंबलो. माझ्या पोरीनं वाजवून बघितलं, पोकळ वाजलं, तिनं उखडलं. चुकलं काय तिचं? मला तर अभिमान आहे तिचा!"

टेबलाखालून हिनं मला अशी लाथ मारली, की हाताऐवजी पाय प्लास्टरमध्ये असता तर बरं झालं असतं असं वाटलं. छकुलीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. झालं, मी म्हटलं, केला पोरीच्या संसाराचा सत्यानाश.

"अहो, फज आणा ना," ही रडवेल्या आवाजात म्हणाली.

मी ट्रे आणला आणि सुरी घालून पहिला चौकोन उचलायला गेलो. उचलेना. जोर लावला, सुरी वाकली. चमचा घातला, चमचाही वाकला. "गार आहे ना जरा," असं म्हणत मी ट्रे ताटावर पालथा केला आणि थाप मारली. काही नाही. डोक्यावर धरून गदागदा हलवला. आक्रोडाचा कणसुद्धा पडला नाही.

"जरा गॅसवर धरा, सुटेल," ही म्हणाली.

"तू थांब गं!"

"तळाला काय घातलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला होता.

"काही नाही. टाचे मारलेत. छिन्नीनं."

"माझा ट्रे!" ही किंचाळली.

"आणि बटर पेपर, बाबा?" छकुलीनं डोक्याला हात लावला.

"फरशीखाली कागद कोण घालतं?" मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई उठल्या. ट्रेशी आल्या. वाकून बघितलं. मग बॅग उघडली, हातमोजे चढवले, कपाळाला दिवा बांधला आणि एक बारीक आकडी काढून तिच्या मुठीनं एका चौकोनावर टकटक केलं.

"मीही वाजवूनच बघते," त्या म्हणाल्या. "घट्ट आहे. ओढून निघायचा नाही. आधी कडेनं सैल करावा लागेल. खुर्ची द्या. उजेड इकडे. तुम्ही ट्रे धरा, हलला तर ओरडेन."

"गॅसवर अर्धं मिनिट..." ही म्हणाली.

"अजिबात नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

डॉक्टरीणबाईंनी आकडी कडेनं फिरवली, चिमटा लावला, इकडे डोलवलं, तिकडे डोलवलं, आणि कर्र करून पहिला चौकोन आक्रोडासकट अख्खा वर आला. वा रे वा! टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. त्यांनी तो उजेडात सगळ्या बाजूंनी तपासला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"पुढचा," त्या म्हणाल्या.

पुढचा निघाला. तोही त्यांनीच खाल्ला. कोपऱ्यातल्या चौकोनानं मात्र घाम फोडला.

"कोपरा घट्टच असतो," मी म्हणालो.

"अक्कलदाढेसारखा," त्या म्हणाल्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "ते पहिलं स्थळ पोकळ वाजलं ते कशावरून?"

छकुली बोलली. "मी आजारी होते. आठवडाभर तापानं फणफणले होते. तो एकदाच आला आणि म्हणाला, फोटो काढायचेत त्या दिवसापर्यंत बरी हो."

आकडी थांबली. कपाळावरच्या दिव्यासकट डॉक्टरीणबाईंनी मान वळवली, तसा भिंतीला टेकलेल्या शिडीच्या तोंडावर उजेड पडला. "आणि हा?"

"मागच्या महिन्यात मला नुसती सर्दी झाली होती," छकुली म्हणाली. "तर हा रोज यायचा. सकाळ-संध्याकाळ. वाफारा घे म्हणून डोकं खाल्लं माझं. शेवटी मी हाकलला."

"जिन्यात बसून होता," मी म्हणालो. "मी बघितलाय."

डॉक्टरीणबाई उठल्या आणि शिडीजवळ गेल्या. "वाक," म्हणाल्या. तो वाकला. त्यांनी आकडीच्या मुठीनं त्याच्या कपाळावर टक् केलं आणि कान देऊन ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं. आता मी काय मागे राहणार? मीही उठलो आणि बोटाच्या पेरानं टक् टक् केलं.

"भरीव आहे," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या. त्यांचं नाक लाल झालं होतं. ते लपवायला त्या परत ट्रेकडे वळल्या, तर टेबलावर ट्रेच नव्हता.

ही आत ओट्यापाशी उभी होती. डाव्या हातात पक्कड, पकडीत ट्रे, खाली बारीक गॅस. आम्ही जाऊन पोचेपर्यंत तिनं ट्रे ताटावर पालथा केला आणि उरलेले सगळे चौकोन सुळकन ताटात आले.

मी बघतच राहिलो. डॉक्टरीणबाई हातातला चिमटा तसाच धरून बघत राहिल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "हे आधी नाही का सांगायचं?"

"दोनदा सांगितलं," ही म्हणाली, आणि मग ती थबकली. छकुलीही थबकली. तिनं माझ्याकडे बघितलं, की बाबा, तुम्हीपण ऐकलंत ना? ऐकलं, पोरी, ऐकलं. विहीणबाई म्हणाल्या त्या. मग मी ताटातला एक चौकोन उचलायला गेलो.

"हं!" चिमटा माझ्या बोटांवर बसला. "तुम्हाला एकच. आधी दात दाखवा."