स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण

"अर्थशास्त्राचं झालं का गं? उद्या शेवटची तारीख आहे," कात्र्या पुसता पुसता चष्मेवालीने विचारलं.

"मागणी-पुरवठ्यात अडकलेय," बडबडी संगणकासमोरून म्हणाली. "मागणी वाढली की भाव वाढतो, एवढं सांगायला दोनशे शब्द आणू कुठून? आमच्या सासूबाई हेच एका वाक्यात सांगतात, वर शिवी फुकट."

धाकटी फिदीफिदी हसली. थोरली हसली नाही. तिने हातातला चिमटा दिव्यासमोर धरला, त्याचे दाते नीट निरखले आणि तो ट्रेमध्ये त्याच्या जागी ठेवला.

रुग्णालयाच्या तळघरातली ही खोली. वरच्या मजल्यांवर ऑपरेशनं चालायची, आणि वापरलेली हत्यारं सामानाच्या लिफ्टने खाली यायची. या चौघींनी ती धुवायची, पुसायची, ट्रेमध्ये लावायची, कापडात गुंडाळायची आणि भट्टीत घालायची. भट्टी म्हणजे वाफेचं मोठं यंत्र, पण यंत्र म्हटलं की त्याला साहेबासारखं वागवावं लागतं, म्हणून भट्टी. मोठ्या माणसांचे ट्रे लांबरुंद असत. लहान मुलांचे वेगळे, आखूड, आत बोटाएवढे चिमटे आणि बाहुलीच्या असाव्यात तशा कात्र्या. ते ट्रे थोरली स्वतःच भरायची. त्यातली एक कात्री इकडची तिकडे झाली तरी तिला न बघता कळायचं.

अशी सगळ्यांची उमर गेल्यावर वरून फर्मान आलं होतं, की या खात्यात ज्यांच्याकडे चार वर्षांत पदवी येणार नाही, त्यांना कायम नोकरीवरून काढून कंत्राटावर टाकणार. "म्हणजे आता हात धुवायलाही बी.ए. पाहिजे," बडबडी म्हणाली होती. पण तोंड वाजवून नोकरी टिकत नाही. चौघींनी घरबसल्या शिकवणाऱ्या एका कॉलेजात नाव घातलं आणि कशाबशा शेवटच्या वर्षापर्यंत आल्या.

या कॉलेजात परीक्षेपेक्षा चर्चेला महत्त्व. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा एक प्रश्न यायचा. त्यावर आपलं मत सगळ्या वर्गाला दिसेल असं लिहायचं आणि शिवाय वर्गातल्या दोघांच्या मतांना उत्तर द्यायचं. आज पर्यावरण, उद्या समाजशास्त्र, परवा आणखी काही. मतं आणायची तरी कुठून? त्यावर चष्मेवालीने वाटणी काढली. पर्यावरण तिच्याकडे, अर्थशास्त्र बडबडीकडे, समाजशास्त्र धाकटीकडे. थोरली कमी बोलते म्हणून मानसशास्त्र तिच्या गळ्यात. जिचा विषय तिने खोलीतल्या संगणकावर सगळ्यांच्या सामाईक फाइलीत लिहायचं. बाकीच्यांनी ते उचलून फोनमधल्या शब्द बदलणाऱ्या यंत्रात घालायचं. यंत्र वाक्यं फिरवायचं, भाऊ असेल तिथे काका करायचं, आणि वर भाषाही जड करून द्यायचं. ते तसंच चिकटवून द्यायचं. वाचायचं कोणीच नाही. वाचायला वेळ असता तर लिहिलं नसतं का?

वर्गातल्या दोघांना उत्तर द्यायला चष्मेवालीने एक वाक्य तयार करून ठेवलं होतं. "मी आपल्या मताशी सहमत आहे. आपला मुद्दा विचार करायला लावणारा आहे." ते सगळीकडे चालायचं, महागाईखाली, साम्राज्यांच्या ऱ्हासाखाली, वितळणाऱ्या बर्फाखाली.

लिफ्टची घंटा वाजली. वरून ट्रे आला होता, रक्ताने भरलेला. थोरली उठली, पण नळाकडे न जाता भिंतीवरच्या फोनकडे गेली.

"कोण होतं?" तिने वर विचारलं. पलीकडचं ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि मगच हातमोजे चढवले.

"झाली चौकशी?" बडबडी म्हणाली. "जगाची खबर लागते बाईंना. उद्या पत्रिका जुळवून मग ट्रे धुतील."

थोरलीने नळ सोडला. ही तिची खोड सगळ्यांना ठाऊक होती, पण तिचं कारण कोणालाच ठाऊक नव्हतं. तिचा मुलगा गेल्याच्या गेल्या वर्षी मोटरसायकलवरून पडून याच रुग्णालयात वारला, एवढं त्यांना माहीत होतं. तिघी तेव्हा तिच्या घरीही जाऊन आल्या होत्या. पण खोड त्यानंतरची आहे, हे कोणी ताडून पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मानसशास्त्राचा प्रश्न आला. शोकाच्या अवस्था सांगा आणि स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या.

थोरली दुपारी संगणकासमोर बसली, तेव्हा तिच्या मनात शेजारणीची म्हातारी सासू होती. सगळ्यांना पुरेल असं उदाहरण. अवस्था तिने पुस्तकातून पटापट उतरवल्या. मग 'उदाहरण' असं लिहिलं आणि बोटं थांबली. थांबली ती थांबली, आणि सुटली तेव्हा सासू राहिली बाजूलाच.

"त्या दिवशी एक ट्रे खाली आला," तिने लिहिलं. "रक्त सुकून चिकटलं होतं. मी वरच्यांना शिव्या दिल्या, की मेल्यांनो, पाण्यात तरी भिजवून पाठवा. घासघासून धुतला. पुसून वाळत ठेवला, तेव्हा मला वर बोलावणं आलं. तो ट्रे माझ्या मुलावर वापरला होता. सकाळी भरला होता तोही मीच. माझा मुलगा रोज संध्याकाळी फाटकाशी शिट्टी वाजवत माझी वाट बघत उभा राहायचा. पुस्तकात पहिली अवस्था नकाराची दिली आहे. माझी पहिली अवस्था शिव्यांची होती. त्याचं रक्त मी मोरीत सोडलं आणि वर चिडचिड केली. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही."

छातीवरचा धोंडा बोटभर सरकल्यासारखं तिला वाटलं. इतकी वर्षं पाठीमागे लागलेल्या या कॉलेजाने पहिल्यांदा काहीतरी तिचं तिला विचारलं होतं. हे आपल्या नावावर टाकायचं आणि बाकीच्यांना सासूचं दुसरं लिहून द्यायचं, असं तिने ठरवलं. फोनने त्याचा फोटो काढून घेतला. तेवढ्यात वरून निरोप आला की एका ट्रेमध्ये पकड कमी आहे, ताबडतोब या. ती धावली. फाइल उघडीच राहिली.

घरी गेल्यावर तिने फोन नवऱ्यापुढे धरला. वर्गाला सांगायच्या आधी त्याला सांगावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"वाचता का जरा? मी लिहिलंय. आपल्या ह्याच्याबद्दल."

नवरा आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघत होता. मुलगा गेल्यापासून तो टीव्ही तसाच बघायचा.

"चष्मा सापडत नाहीये," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या कपाळावर होता. तिने तो पाहिला, आणि त्याने तिला पाहताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. पुन्हा चष्मा सापडला नाही. तिसऱ्या दिवशी मुदत संपत होती, म्हणून, सासूचं दुपारपर्यंत लिहून देऊ असं म्हणत, तिने कामावर येऊन, देवाचं नाव घेऊन, ते आपल्या नावावर टाकलं.

मग वर्गातल्या दोघांना उत्तर द्यायचं म्हणून ती बाकीच्यांची मतं बघू लागली.

पहिलंच चष्मेवालीचं होतं. "त्या दिनी एक तबक प्राप्त झाले. रुधिर शुष्क झाले होते. मी वरिष्ठांवर तीव्र नाराजी व्यक्त केली." खाली तो ट्रे चष्मेवालीच्या धाकट्या भावाचा निघाला. धाकटीच्या मतात भाचा गेला होता. बडबडीने नवरा घालवला होता. तो नवरा रोज संध्याकाळी फाटकाशी शिट्टी वाजवत तिची वाट बघत उभा राहायचा. तिघींच्याही खाली वर्गातल्या कोणाकोणाची उत्तरं होती. "खूप हृदयस्पर्शी. सहमत." "छान मुद्दा. मी आपल्या मताशी सहमत आहे."

थोरलीला वाटलं आपण ओरडलो. पण भट्टी चालू होती आणि कोणी मान वर केली नाही, म्हणजे ओरडली नसावी.

संध्याकाळच्या आत मानसशास्त्राच्या मॅडमचा फोन आला. आवाज तरुण होता, थकलेला होता, दुष्ट मुळीच नव्हता.

"तुमचं लेखन इतर तीन विद्यार्थिनींशी जुळतंय," मॅडम म्हणाल्या. "त्या तिघींचं एकमेकींशी तसं जुळत नाही. तुमचं मात्र तिघींशी जुळतं. आणि तुम्ही सगळ्यांत शेवटी टाकलंय."

"हो."

"म्हणजे तिघींची दुःखं जोडून तुम्ही एक मुलगा तयार केलात. बाई, दुसऱ्याच्या घरचं मरण असं उसनं घेऊ नये हो."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि... ते माझंच असलं तर?"

"तर तसं लेखी द्या. मी त्या तिघींची चौकशी लावते. त्यांनी चोरलं असेल तर नियमाप्रमाणे त्यांचे प्रवेश रद्द होतील. नाहीतर उद्यापर्यंत दुसरं लिहा. मी हे नसल्यासारखं धरते. स्वतःचा अनुभव नसेल तर कल्पनेतलं चालेल, पण तसं स्पष्ट नमूद करा. काहीच आलं नाही, तर मला नापास करावं लागेल."

फोन ठेवून तिने तिघींना सांगितलं. सांगितलं म्हणजे एवढंच म्हणाली, "तुम्ही काय टाकलंय ते वाचा."

तिघी एका फोनवर वाकल्या. बडबडीने पहिल्यांदा वाचायला सुरुवात केली ती मोठ्याने. "अगं बाई, माझा नवरा मेला? आणि मला पत्ताच..." पुढच्या ओळीवर तिचा आवाज गेला. चष्मेवालीने चष्मा काढला. धाकटी मटकन खुर्चीत बसली.

"थोरले, आम्ही वाचलंच नाही गं," चष्मेवाली म्हणाली. "शपथ. फाइल उघडी होती, उचललं आणि टाकलं. मी मॅडमना फोन करते. खरं काय ते सांगते."

"सांग," थोरली म्हणाली. "मग हिचं काय?"

धाकटीचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून सहा महिने अंथरुणाला खिळला होता, घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. तिघीही तिच्याकडे बघू लागल्या, तशी ती रडायला लागली. "सांगा तुम्ही," ती रडता रडता म्हणाली. "खरंच सांगा. त्यांचा मुलगा आहे तो."

पण ते कोणी मनापासून ऐकलं नाही. चष्मेवालीचा फोन तिच्या हातातच राहिला. थोरलीने तो तसा राहिलेला पाहिला. तिला राग आला, खूप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. वाटणी सगळ्यांची होती. फाइल तिनेच उघडी टाकली होती.

"ऊठ, तोंड धू," ती धाकटीला म्हणाली. "ट्रे पडलेत."

दुसऱ्या दिवशी ती संगणकासमोर बसली. अवस्था पुन्हा पुस्तकातून उतरवल्या. मग तिने लिहिलं, "माझ्या आयुष्यात असा प्रसंग आलेला नाही. म्हणून कल्पनेतलं उदाहरण देत आहे." आणि एका बाईच्या पाळलेल्या पोपटाचा पिंजरा उघडा राहिला आणि तो उडून गेला, असं काहीबाही लिहीत गेली. बाईने आधी मानलंच नाही, मग ती चिडली, मग देवाला नवस केला, मग रडली, आणि शेवटी पिंजरा धुऊन माळ्यावर ठेवला. सगळ्या अवस्था ओळीने आल्या. खाली एक चौकोन होता, 'वरील मजकूर सत्य असून माझा स्वतःचा आहे'. त्यात खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

तिने खूण केली. त्याआधी 'असा प्रसंग आलेला नाही' हे वाक्य एकदा खोडून पाहिलं होतं, आणि पुन्हा लिहिलं होतं. आपण त्याला दुसऱ्यांदा मोरीत सोडलं, असं तिला वाटलं. या वेळी तर माहीत असून.

गुण लगेच आले, दहापैकी आठ. "अवस्था छान स्पष्ट झाल्या आहेत," मॅडमनी लिहिलं होतं. "हे तुमचं स्वतःचं वाटतं." त्याखाली वर्गातला कोणीतरी सहमत होता.

घरी नवऱ्याने जेवताना आपणहून विचारलं, "ते काय लिहिलं होतंस ना? दाखव."

"काही नाही," ती म्हणाली. "पोपटाचं होतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता.

त्यानंतर खोलीत चर्चेचं कोणी नाव काढेना. फाइल बंद झाली. जिची मतं तिने लिहावीत, असं न बोलता ठरलं, आणि बडबडी अर्थशास्त्राला एकदा नापास झाली तरी तिने कुरकुर केली नाही.

अशाच एका सकाळी लिफ्टची घंटा वाजली. थोरलीचे हात भट्टीच्या दाराशी गुंतले होते. ती वळेपर्यंत बडबडी उठून फोनपाशी पोचलीसुद्धा होती.

"वरती कोण होतं?" बडबडीने विचारलं. नेहमीसारखं मोठ्याने नाही, भिंतीकडे तोंड करून. पलीकडचं ती ऐकत राहिली. मग फोन जागेवर ठेवायला तिला जरा वेळ लागला.

"एक आजोबा होते," ती वळून म्हणाली. "पिकलं पान. पण वाचले. शुद्धीवर आलेत, चहा मागतायत म्हणे."

चष्मेवालीने मान खाली घातली. धाकटी कापड घडी घालत होती, ती घालतच राहिली.

थोरली लिफ्टपाशी गेली. आतला ट्रे आखूड होता, लहान मुलांचा. बोटाएवढे चिमटे, बाहुलीच्या असाव्यात तशा कात्र्या. तिने तो परवाच भरला होता.

"बरं झालं," ती म्हणाली. "आजोबा वाचले ते बरं झालं."

तिने हातमोजे चढवले, ट्रे पाण्याखाली धरला आणि नळ सोडला.