मेली म्हणून मला बुजवायला निघाले

एक होता यादोराव. त्याची बायको पार्वताबाई, मुलगा लोकेश, आणि पुढं लोकेशची बायको होऊन आलेली रीना. नवेगाव बांधच्या तलावापासून थोड्या अंतरावर त्यांचं घर. घरामागं म्हशींचा कोठा, आणि कोठ्यामागं अर्धी मातीत, अर्धी उघड्यावर बसलेली मी. मी गोबरगॅसची टाकी बोलून राहिली आहे. ऐकायचं तर नीट ऐका. मला राग आला आहे, आणि रागात मी काही गाळून सांगत नाही.

मी जन्मले नव्व्याण्णव साली. सुकराम गवंड्यानं विहिरीसारखा खड्डा खणला, आतून विटांनी बांधला, वर बसायला होईल असा कठडा केला. माझी लोखंडी टोपी गोंदियाहून ट्रॅक्टरवर आली. शेणाचा काला पोटात गेला की आत वायू तयार व्हायचा, टोपी वर उचलली जायची, आणि पाइपातून वायू थेट चुलीजवळच्या शेगडीपर्यंत जायचा. एक साहेब आले, माझ्याजवळ उभे राहून त्यांनी फोटो काढला, माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला अन् गेले. परत त्यांनी कधी तोंड दाखवलं नाही.

शेजारणी नाक धरून म्हणत, "शेनाच्या गॅसवरचा चहा? आमाले नको वो बाई!" पार्वताबाईनं वाद घातला नाही. कांद्याची भजी तळायला घेतली. वास शेजारी गेला आणि त्याच बायका पदर सावरत ओट्यावर येऊन बसल्या. "पाहू तं, कसे लागते."

बारा-चौदा वर्षं मी त्या घराला शिजवून घातलं. पार्वताबाई रोज सकाळी माझ्या टोपीची कडी धरून तिला गोल फिरवायची. तसं केलं की आत साय धरत नाही. माझं एवढंच मागणं होतं. शेण द्या, पाणी द्या, आणि एकदा फिरवा. माणसं देवाकडं याहून किती जास्त मागतात!

मग पार्वताबाईचे गुडघे धरले. खाटेवरून उठणं अवघड झालं, आणि कोठ्याचं काम लोकेशकडं आलं. हा लोकेश डिझेलचा ऑटो चालवायचा, तलाव पाहायला येणाऱ्यांना फाट्यावरून आणायचा. त्याला सगळं घाईत हवं. म्हशींच्या खाली गिरणीतलं धानाचं तूस अंथरलेलं असायचं. याच्या आईनं शेण तेवढं वेचून मला दिलं होतं. यानं फावड्यानं शेण, तूस, काड्या सगळं एकत्र ओढलं आणि माझ्या तोंडात कोंबलं. कडीला तर हात लावला नाही. तूस पाण्यावर तरंगतं. तरंगलं, साचलं, घट्ट झालं. माझ्या पोटात गादीसारखा जाड थर बसला, टोपी अडकली आणि शेगडी विझली.

लोकेशनं दोनदा काडी लावून पाहिली आणि सांगून टाकलं, "टाकी मेली."

झालं! मेली! माणसाला ताप आला तर तुम्ही वैद्य पाहता, नाडी पाहता. माझा गळा तुम्हीच बंद केला, आणि वर मलाच मेली म्हणता? त्यातही कमाल अशी की शेणाचा ढीग लांब पडतो म्हणून हा रोजचं शेण माझ्यातच टाकत राहिला. मेलेल्याला कोणी जेवू घालतं का?

रीना चुलीवर आली. सिलिंडर होता, पण तो संपला की फाट्यावरून आणेपर्यंत दिवस जायचे. ती जंगलाच्या कडेनं काड्या गोळा करायची, घराच्या पडवीत रचायची आणि फुंकणी घेऊन बसायची. डोळे लाल, आवाज घोगरा. भिंती काळ्या झाल्या. एकदा डोळे पुसता पुसता तिला तव्यावरची भाकर दिसली नाही अन् हात भाजला. कोणी म्हटलं नाही की हे का.

आणि मग दोन हजार पंधरामध्ये लोकेशला बॅटरीची रिक्षा घ्यायची हुक्की आली. त्या संध्याकाळी काय झालं ते ऐका. वादाला सगळे जमले कुठं? माझ्याच कठड्यावर!

लोकेशचा मित्र मुन्नालाल गोंदियाहून आपला डिझेल ऑटो घेऊन आला होता. तोंडात बिडी. "अरे यार लोकेश, बॅटरी से क्या होता? चढाव आला का सवारी उतरून ढकलन. डिझेल डिझेल है, भाई!"

"तुझ्या ऑटोचा धूर पाहून तलावावरचे पक्षी उडतेत," लोकेश म्हणाला. "लोक पक्षी पाहाले येतेत का तुझा धूर?"

यादोराव कमरेवर हात ठेवून उभा. "अन् करंट कुठून येते गा? कोळसा जाळूनच येते ना? धूर इथं नाही निघाला, तिथं निघाला. आनि लाइट गेली तं?"

"मंग काय करावं, बाबा? हवेवर चालवू?"

"दुसरं काही इंधन शोधाले पायजे माणसानं," यादोराव गंभीरपणे म्हणाला.

शोधायला पाहिजे! बूड कुठं टेकलंय रे तुमचं? मी आतून तडफडत होते. माझ्या पोटात वायू कोंडून अंग तटतटलं होतं, आणि हे वर बसून जगाच्या इंधनाची चिंता करून राहिले होते!

रीना चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "तुमची गाडी धुरावाचून चालली पायजे, खरं हाय. मंग माजी चूल काऊन धुरावर चालते जी?"

मुन्नालाल खो खो हसला. "भाभीजी, चूल को लायसन्स नहीं लगता!"

सगळे हसले. रीना हसली नाही. मीही नाही.

शेवटी ठरलं काय, तर रिक्षा घ्यायची, आणि ती उभी करायला व चार्ज करायला कोठ्याच्या मागच्या भिंतीवरच्या विजेच्या मीटरजवळची जागा मोकळी करायची. म्हणजे माझी. टोपी भंगारात द्यायची आणि खड्डा मुरमानं बुजवायचा.

"टाकी राहू द्या ना," रीना म्हणाली. "कोनाले तरी दाखवा एकदा."

"मेलेली हाय ते. कायले दाखवाची?" लोकेश म्हणाला.

रविवारी सकाळी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन लोकेश आणि मुन्नालाल आले. टोपी उचलली जाईना. लोकेशनं जोर लावला, ती हलेना. "फिरव बे, फिरव, ढिली होईन," मुन्नालाल म्हणाला. दोघांनी कडीत सब्बल घालून मला डावीकडं हिसका दिला, मग उजवीकडं. वर्षांचा थर कडकड फुटला. कोंडलेला वायू बुडबुडत कडेनं वर आला. आणि मुन्नालाल बिडी ओढत वाकून पाहत होता.

भक्क!

निळा जाळ उठला आणि विझलाही. मुन्नालाल मागं पडला तो थेट शेणात. अर्धी मिशी गेली होती, भुवया करपल्या होत्या, बाकी धडधाकट. "अरे बाप रे! ये तो जिंदा है!"

लोकेश त्याला उचलायला धावला. रीना मात्र माझ्याकडं धावली. तिनं आधी बिडीचं थोटूक विझवलं, मग कडी धरली आणि फिरवायला लागली. आतून तूस वर येऊ लागलं. काठी टेकत आलेल्या पार्वताबाईनं त्यातलं मूठभर उचललं आणि पोराच्या नाकासमोर धरलं.

"हे कोनं टाकलं रे?"

लोकेश मुन्नालालच्या अंगावरचं शेण झटकू लागला.

"टाकी राहीन," रीना म्हणाली. "रिक्षा ठेवाची तं पडवीत ठेवा. तिथं काड्या रचून ठेवल्यात. शेगडी पेटली तं काड्या कायले पायजेत?"

यादोरावनं पडवीकडं पाहिलं, मीटरकडं पाहिलं. "वायर तिथवर जाते ना गा," तो लोकेशला म्हणाला. लोकेशनं मग टोपलीनं स्वतः सगळं तूस काढलं. दोन दिवस लागले, नि मला ते पाहताना फार बरं वाटलं. कडीजवळचा गंज खरवडला, पाइप बदलला. शेगडी पेटली.

रिक्षा आली तेव्हा गाव पाहायला लोटलं. हार तिला, फोटो तिचे. माझ्याकडं पाठ करून लोक तिला स्वच्छ, स्वच्छ म्हणत होते. म्हणू देत. ती गरीब पोर चांगलीच आहे, माझं तिच्याशी वाकडं नाही. माझं वाकडं तुमच्याशी आहे. तुम्ही गाड्यांच्या इंधनावर घसा बसेपर्यंत भांडता, पण घरात चूल कोण फुंकतं ते विचारत नाही. आधी ते विचारा. आणि ज्याला मेलं म्हणता, त्याला एकदा फिरवून पाहा.

काड्यांमागं जाणारा वेळ रीनाकडं उरला. एक दिवस ती रिक्षात बसली, नुसती पाहायला म्हणून. मग चालवायला शिकली. आता सकाळी शाळेची पोरं ती नेते, दुपारी पाहुणे लोकेश आणतो, आणि घरात दोघांची कमाई येते.

परवा तिनं रिक्षा अंगणात आणली आणि सासूला हात दिला. "चला आत्याबाई, बांधावर जाऊन येऊ."

"कायले वो? काड्या आनाले?"

"नाही. पानी पाहाले."

पार्वताबाई तिथं कितीदा गेली होती, पण तलाव पाहायला म्हणून पहिल्यांदाच निघाली. नवं लुगडं नेसली, पुढच्या सीटवर बसली. "ऐकलं का जी," ती घराकडं पाहून ओरडली, "शेगडीवर भात हाय! लक्ष ठेवजा!"

"हो, हो," म्हणत यादोराव झारा घेऊन आत गेला.

रिक्षा आवाज न करता वळणावरून गेली, आणि दोघींचं हसणं मात्र बराच वेळ ऐकू येत राहिलं.