बाईंची कवळी

“कवळीनं मी चावायचं, की कवळीनं मला?” बाईंनी वरची कवळी काढून दंतवैद्य मॅडमच्या हातात ठेवली. बाईंचं वय एक्याऐंशी. दातांशिवाय शब्द ओले येत होते, पण हुकमत शाळेतलीच होती.

मॅडमनी मागच्या खोलीतल्या मामांना हाक मारली. दवाखान्यातल्या सगळ्या कवळ्या बावीस वर्षं तेच करत होते. ते तिथं कोणाचेच मामा नव्हते, पण नाव पडलं ते पडलं. त्यांनी कवळी उजेडात धरली. डावीकडच्या दोन दाढा उंच बसल्या होत्या. नवशिकाही अशी चूक करत नाही.

“माप घेताना माझंच काही राहिलं असेल,” मॅडम म्हणाल्या.

“नाही. माप बरोबर आहे. मीच ठिकाणावर नव्हतो.”

पाच महिन्यांपूर्वी मामांचं बोलणं बंद झालं होतं. तसं कारण काहीच नव्हतं. ते वेळेवर कामाला येत आणि मेण वितळून थिजेपर्यंत नुसते बघत बसत. शेवटी बायकोनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे. रोज सकाळी एक गोळी. “सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल. गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. मधे कधी जीव नकोसा वाटला, तर तडक इकडे यायचं. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही.”

“मनाचंच तर दुखणं आहे,” मामा म्हणाले होते.

“म्हणूनच,” डॉक्टर म्हणाले.

पाचव्या आठवड्यात एकदा दात निवडताना मामांना पुन्हा दिसलं, की कोणतेही दोन पांढरे सारखे नसतात. हळूहळू ते बोलायला लागले, मॅडमची थट्टासुद्धा करू लागले. मग मेहुणा भेटायला आला. “ठणठणीत आहात की भाऊजी! कशाला गोळ्या गिळताय? सवय लागेल.” दुसऱ्या दिवसापासून मामांनी गोळी बंद केली. बायकोला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होऊ लागलं. घाम यायचा, कोणाचंही बोलणं टोचायचं. सर्दी असेल म्हणून त्यांनी दुकानातून सर्दी-खोकल्याचं औषध आणलं. त्याच आठवड्यात बाईंची कवळी झाली.

हे सगळं मामांनी बाईंच्या देखतच सांगितलं. बाईंनी रुमालानं तोंड पुसलं.

“किती दिवस झाले बंद करून?”

“दहा.”

“मग आधी डॉक्टरांकडे जा. कवळीची घाई नाही. मी मऊ जेवेन.”

मामा दुपारीच गेले. खोकल्याची बाटलीही घेऊन गेले. डॉक्टरांनी तीच आधी बाजूला ठेवली. “या गोळीबरोबर हे चालत नाही. दुसरं काहीही घ्यायचं तर आधी विचारायचं.” चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊन भरून काढायच्या नाहीत, हेही त्यांनी बजावलं आणि कोणत्या डोसपासून सुरू करायचं ते लिहून दिलं. “सोडायची वेळ आली की मीच सांगेन. तेव्हाही पायरी पायरीनं उतरायचं.”

घरी त्यांनी बायकोला खरं सांगितलं. ती मेहुण्यावर, म्हणजे आपल्याच भावावर, दोन दिवस धुसफुसत होती.

हात पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. मग मामांनी जुन्या कवळीला हात न लावता नवी करायला घेतली. मेणातले दात बाईंच्या तोंडात बसवून पाहिले, तेव्हा बाईंनी “सशाचं शिंग सरळ असतं” असं तीनदा म्हणून दाखवलं. एकही स निसटला नाही.

कवळी तयार होत आली होती त्या सकाळी बाईंची मुलगी आली. आई पहाटे झोपेतच गेली होती.

“ती कवळी मिळेल का? तिचा चेहरा तिचा वाटत नाहीये.”

मामांनी पॉलिश पुरं केलं आणि कवळी घेऊन स्वतः तिच्याबरोबर गेले. मुलीनं आईची मान धरली. मामांनी बोट ओलं करून हलकेच कवळी आत सरकवली. ती पहिल्या खेपेला बसली. ओठ आपल्या जागी आले. आता खोलीत बाई होत्या.

संध्याकाळी मामा घरी येऊन मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. बायको धावत आली.

“काय झालं? गोळी चुकली का? डॉक्टरांना फोन लावू?”

“सकाळीच घेतली.” त्यांनी बाहीनं डोळे पुसले. “हे त्यातलं नाही. हे बाईंसाठी आहे.”

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग शेजारी बसली आणि म्हणाली, “मग रडा.”