तराफेवाल्याचं चालणं

“आणि मग या धक्क्यावरून क्लेम बॅस्कम आला, तो असा!” असं म्हणून मी दोन्ही हात पसरले, डावा पाय पुढं फेकला, उजवा मागून ओढला, मध्येच एक उचकी दिली आणि नदीच्या दिशेनं झोकांड्या खात सात पावलं गेलो. सातच. आठव्या पावलाला हशा ओसरायला लागतो, हे मला अनुभवानं कळलं होतं.

त्या मंगळवारी चाळीसेक माणसं होती. जानेवारीच्या उन्हात, टोप्या सावरत, माश्या हाकलत ती मनसोक्त हसली. हशा खाली बसू दिला आणि मी नेहमीचं शेवटचं वाक्य टाकलं, “तेव्हापासून आमच्या नदीतले मासे सुरात पोहतात.” पुन्हा हशा.

मागे निलगिरीच्या सावलीत एकच बाई हसत नव्हती. अ‍ॅव्हिस लॉफ्टस. मान पुढं काढून ती माझ्या पायांकडं बघत होती. मला वाटलं, हिला ऐकू कमी येत असावं.

आमच्या टलारा क्रॉसिंगमध्ये दरवर्षी जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, उन्हाळी सप्ताह असतो. बागेत बँड, महिला मंडळाच्या हॉलमध्ये जलरंगातली चित्रं, शुक्रवारी मैदानात जुना सिनेमा, आणि मंगळवारी-शनिवारी माझी इतिहासफेरी. पत्रकात लिहिलेलं असायचं, ‘लिंडसे प्रूएटसोबत गावाचा इतिहास. हसायची तयारी ठेवा.’ हे दुसरं वाक्य माझंच. मी काही इतिहासकार नव्हे, निवृत्त पोस्टमन आहे. तीस वर्षांपूर्वी बदली होऊन इथं आलो तेव्हा मला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. कुत्री नंतर ओळखायला लागली, ती पोस्टमन म्हणून. गावानं आपलं म्हटलं ते या फेरीमुळं. आणि फेरी चालायची ती क्लेम बॅस्कममुळं. बाकी चर्च, बँक, पुराच्या खुणा वगैरे लोक क्लेमची वाट बघत ऐकून घ्यायचे.

गोष्ट साधी. पूल व्हायच्या आधी नदी ओलांडायला तारेच्या दोरावर ओढला जाणारा सपाट तराफा होता. क्लेम तो चालवायचा. एकोणीसशे पन्नासच्या जानेवारीत नवीन हॉलच्या उद्घाटनाला पियानो आणि बिअरची पिंपं पलीकडून यायची होती. क्लेम दारू पिऊन आला, दोर तुटला, पियानो नदीत गेला, आणि उद्घाटनाला गावानं नुसत्या टाळ्या वाजवून गाणी म्हटली. ही गोष्ट मला आल्फ टूमीनं पबमध्ये सांगितली होती. नुसती सांगितली नाही, टेबलं बाजूला सारून क्लेमचं चालणं करूनही दाखवलं. आल्फनं स्वतःच्या लहानपणी क्लेमला रोज पाहिलेलं. मी ते चार संध्याकाळी घोटून घेतलं. उचकी आणि पसरलेले हात तेवढे माझे.

फेरीनंतर चहा असतो. चोवीस वर्षं तो चहा अ‍ॅव्हिसनं केला, हॉलच्या स्वयंपाकघरात, स्कोन म्हणजे छोटे गोड पाव आणि जॅम यांच्यासकट. यंदा नगरपालिकेनं चहाचं काम कॅफेला दिलं, म्हणून ती पहिल्यांदाच मोकळी होती आणि फेरीला आली होती. हॉलच्या पायरीवर ती माझ्या शेजारी येऊन बसली.

“काय मग, बाईसाहेब? यंदा आयता चहा!” मी म्हटलं.

“पातळ केलाय,” ती म्हणाली. मग कप खाली ठेवून म्हणाली, “लिंडसे, ते चालणं तुला कोणी शिकवलं?”

“आल्फ टूमीनं. का गं?”

“अगदी बाबा.”

“कोणाचे बाबा?”

“माझे. लग्नाआधी मी बॅस्कमच होते की.”

माझ्या हातातला स्कोन हातातच राहिला. माणूस अशा वेळी स्वतःलाच वाचवायला बघतो, तसं मीही केलं. म्हटलं, “मला कोणी सांगितलंच नाही अ‍ॅव्हिस! चोवीस वर्षांत एकानंही नाही.”

“गावात सगळ्यांना माहितीये,” ती शांतपणे म्हणाली. “मला वाटायचं, तुलाही माहीत असेल.”

म्हणजे मला माहीत आहे आणि तरीही मी हे करतो, असं समजून ही बाई चोवीस वर्षं मला दुसरा कप विचारत होती.

“तू काही बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? नदीकडून हसण्याचा आवाज आला की मी किटली चढवायची. त्यानंतर दहा मिनिटांत तुम्ही यायचात. बरोबर उकळी फुटलेली असायची.” ती जरा हसली. “ते पीत नव्हते, लिंडसे. थेंबही नाही. पहिल्या युद्धात फ्रान्सला कमरेत गोळी लागलेली, त्यामुळं तसं चालायचे. त्या दिवशी ते म्हणत होते, दोन खेपा करू. हॉलच्या समितीला घाई. सगळं एकदम चढवलं. दोर तुटला, पिंप फुटलं ते त्यांच्या अंगावर. बाहेर काढलं तेव्हा बिअरचा वास येत होता, आणि चालणं तर आधीपासून तसलंच.”

एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. नोकरी गेली. क्लेम ब्रोकन हिलला रखवालदारीला गेला आणि पुढच्या हिवाळ्यात तिथंच वारला. अ‍ॅव्हिस तेव्हा आठ वर्षांची होती, तिची बहीण डॉट चौदाची.

“डॉट शनिवारी येतेय अ‍ॅडलेडहून,” उठता उठता अ‍ॅव्हिस म्हणाली. “तुझ्या फेरीला. मी फोनवर सांगितलं तिला.”

मी काय समजायचं ते समजलो.

पुढचे तीन दिवस मी बँडला गेलो नाही की चित्रं बघायला गेलो नाही. ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली. चौकशीची बातमी सापडली, चार ओळींची. ‘तराफेवाला नशेत असल्याचे दिसून आले.’ कोणाला दिसून आलं, ते नव्हतं. पियानो कोणत्या कंपनीचा होता ते मात्र होतं. मी गोष्ट नव्यानं लिहून काढली. गोळी, दोन खेपा, पिंप, सगळं. उचकी खोडली. मासे खोडले. चालण्याची सात पावलं खोडताना तर मला स्वतःचं कौतुकच वाटलं. निष्पाप माणसाची चेष्टा थांबवतोय म्हटल्यावर छाती दोन इंच फुगतेच. पत्रकातली ती ओळ खोडता येत नव्हती, ती गावभर चिकटवलेली होती.

शनिवारी डॉट घडीच्या खुर्चीवर पुढंच बसली होती. एकोणऐंशीची, काटक, मोठी पांढरी टोपी, काठीच्या मुठीवर दोन्ही हात. अ‍ॅव्हिस तिच्यामागे उभी. मी धक्क्यावर उभा राहून सगळं खरं खरं सांगितलं. इतकं चांगलं मी कधी बोललो नव्हतो. कोणी हसलं नाही. मागे एक पाहुणा बायकोला म्हणाला, “हसायची तयारी ठेवा म्हणे! मयताला आल्यासारखं वाटतंय.” मी लक्ष दिलं नाही. डॉट सारा वेळ माझ्या बुटांकडं बघत होती. दुःखानं तिला मान वर करवत नसेल, असं मी धरून चाललो. शेवटी मी टोपी काढली आणि म्हणालो, “क्लेम बॅस्कम कधीच दारू प्याला नव्हता. त्याची माफी मागायची या गावाकडून राहून गेलीय.” दोघीचौघींनी टाळ्या वाजवल्या.

लोक चहाकडं पांगले. मी डॉटपाशी गेलो. खरं सांगायचं तर आभार घ्यायलाच गेलो.

“छान सांगितलंस रे,” ती म्हणाली. “बाबांना बरं वाटलं असतं.” मग जरा थांबून, “आता ते चालणं कधी करणार?”

“ते काढून टाकलं,” मी म्हणालो. “कायमचं. पुन्हा कोणी त्यांना हसणार नाही.”

डॉटनं अ‍ॅव्हिसकडं पाहिलं. मग पुन्हा माझ्या बुटांकडं.

“बरं,” ती म्हणाली, आणि काठी टेकून उठायला लागली. “साडेअकराची बस आहे ना गं माझी?”

दोघी सावकाश चढ चढून रस्त्याला लागल्या. मी खुर्चीची घडी घालून काखेत मारली आणि मागोमाग निघालो. काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. डॉटला बसमध्ये बसवून अ‍ॅव्हिस खाली आली. मी तिला गाठलं.

“चुकलं का गं माझं काही?”

“नाही रे. चांगलं केलंस तू. बाबांची बाजू कोणी मांडेल असं वाटलंच नव्हतं आम्हाला.”

“मग?”

ती बसच्या खिडकीकडं बघत राहिली. “घरी बाबांचा एक फोटो आहे,” ती म्हणाली. “फोटो चालत नाही.”

मी खुर्ची एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली.

“मंगळवारी तू धक्क्यावरून निघालास ना, तेव्हा मला दिसले ते. पासष्ट वर्षांनी. हात आणि उचकी सोड, ती तुझी. पण पाय बाबांचे. डॉटला मी तेच सांगितलं. म्हटलं, ये, बघून जा. तीन तासांचा प्रवास करून आली बिचारी. हे ऊन, हे वय. पुन्हा काय येतेय ती.”

“अगं, मग सांगायचंस ना मला!”

“तू काढून टाकशील असं कुठं वाटलं? चोवीस वर्षं करतोयस की.”

बसचा ड्रायव्हर खाली उभा राहून सिगारेट संपवत होता. मी खुर्ची अ‍ॅव्हिसच्या हातात दिली. बसच्या मागच्या टोकाशी जाऊन फुटपाथवर उभा राहिलो. डॉट तिसऱ्या खिडकीत होती, टोपी मांडीवर. मी डावा पाय फेकला, उजवा ओढला.

जमेना. हजार वेळा केलेलं, पण हशासाठी केलेलं. हशा नसला की पायाला ताल सापडेना.

“हात खाली,” अ‍ॅव्हिस मागून म्हणाली. “बाबांचे हात खाली असायचे. आणि एवढी घाई नको.”

मी हात खाली सोडले. डावा टाकला. उजवा कमरेतून उचलून आणला, थांबलो, पुन्हा डावा. असं केल्यावर मात्र कमरेत खरंच दुखल्यासारखं झालं, आणि मग पाय आपोआप पडायला लागले. आल्फ टूमी चेष्टेखोर खरा, पण त्याची नजर पक्की होती.

समोर पबच्या व्हरांड्यात शनिवारची मंडळी बसलेली. त्यातला एक ओरडला, “काय रे लिंडसे, आत्तापासूनच? अजून बारा नाही वाजले!” सगळे खदखदून हसले. मी त्यांना ओळखत होतो. सगळ्यांच्या दारात मी पत्रं टाकलीत. थांबून दोन शब्दांत सांगता आलं असतं, की बाबांनो, मी प्यालेलो नाही. पण मग चालणं मोडलं असतं. मी मान वळवली नाही.

आठवं पाऊल झालं, दहावं झालं. खिडकीच्या काचेवर आतून हाताचा पंजा टेकलेला दिसला. चेहरा उन्हाच्या झळाळीत दिसत नव्हता. बस सुरू झाली, माझ्या चालीनं क्षणभर बरोबर आली आणि मग पुढं गेली. पंजा काचेवर तसाच होता. मी थांबलो.

“थांबू नकोस ना,” अ‍ॅव्हिसचा आवाज आला. ती खुर्ची छातीशी धरून आमच्या पोस्टाच्या पायरीवर उभी होती. “कोपऱ्यापर्यंत जा. बाबा ब्रोकन हिलला जायला स्टेशनकडं निघाले तेव्हा तिथपर्यंत दिसत होते.”

कोपरा अजून शंभरेक पावलं होता. व्हरांड्यातलं हसणं चालूच होतं, कोणीतरी शीळही घातली. मी हात खाली ठेवले आणि कोपऱ्यापर्यंत चालत गेलो.