मचाणावरच्या वहीतले गवे

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो. अभयारण्यातल्या मचाणावर खिळ्याला सुतळीने बांधलेली. किती माणसांनी मला हाताळले, पण गवा मी कधीच पाहिलेला नाही. मला डोळे नाहीत. लोक लिहितात आणि माझ्याजवळ बोलतात तेवढेच मला कळते.

आणि लोक काय काय लिहितात! हरमलच्या प्रज्योतने धापा टाकत वर येताच तीन गवे लिहिले. त्याची बायको प्रिया हळूच म्हणाली, त्यातले दोन खडक होते. तिसऱ्याबद्दल ती बोलली नाही. डिचोलीच्या मंडळींनी तर डबे उघडण्याआधीच अख्खा कळप मांडला. पण चूक एकट्या त्यांची नव्हे. मचाणाचा राखणदार गोकुळदास पडला भिडस्त. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही घरची रीत त्याने जंगलालाही लावली. "लिहा हो, सकाळी होते इथेच," म्हणत तो पेन पुढे करी. माझी पाने भरत गेली आणि मला धास्ती वाटू लागली.

एप्रिलमध्ये समोरची तळी आटली. गोकुळदासने टँकर मागितला. पणजीहून साहेब आले. त्यांनी मला चाळले आणि विचारले, गवे रोज पाण्यावर येतात असे इथे लिहिलेय, मग टँकर कशाला? अक्षर पाहुण्यांचे, पण पेन त्याचे.

त्याच आठवड्यात पायथ्याच्या वाड्यावरची विनोदिनीबाय वर आली. गवे बघायला नव्हे, भांडायला.

"गोकुळदासा, तुझे नऊ गवे आमच्या कुळागरात आहेत. पाटाचे पाणी पितात, बागेतल्या पोफळी मोडतात. त्यांच्यात एक वासरू आहे. उद्या कोणी बंदूक काढली, तर या वहीत काय लिहिशील?"

त्या दिवशी गोकुळदास जेवला नाही. मला मांडीवर घेऊन त्याने लिहिले, 'दोन महिन्यांत एकही गवा आलेला नाही. आधीच्या नोंदी मीच लिहून घेतल्या. तळी कोरडी आहे.' खाली सही केली, सुतळी सोडली आणि बसने मला पणजीला नेले. टँकर आला. त्याच्यामागे गोकुळदासची चौकशीही आली. ती अजून चालू आहे.

मग मला परत खिळ्याला बांधून तो रोज लिहू लागला. आला नाही. आला नाही. अशा अकरा ओळी. खालून कुठे बंदुकीचा बार ऐकू आला, की त्याचा हात माझ्यावर थांबे.

काल सकाळी तो एकटाच होता. पेन नुसतेच धरून बराच वेळ बसला. मग लिहिले, 'एक मादी, एक वासरू. पाणी प्याली.' लिहा म्हणणारे कोणी नव्हते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

पण मित्रांनो, गवे नऊ होते. बाकीचे सात कुठे आहेत?

तुम्ही मचाणावर याल तेव्हा दिसेल तेवढेच लिहा. काहीच दिसले नाही, तर तेही लिहा. माझ्या शेवटच्या पानावर सात गव्यांपुरती जागा मी राखून ठेवली आहे. ते आल्याशिवाय ती भरू नका.